वारा बघून बसायचं

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरी उटण्यावरून वाजतं. बायको म्हणते, नरकचतुर्दशीला पहाटे उठतोसच आहेस, तर अभ्यंगस्नान करून जा की. मी म्हणतो, उठतोय तो मचाणावर जायला. उटण्याचा वास अंगावर घेऊन मचाणावर बसायचं तर त्यापेक्षा घरी झोपलेलं काय वाईट? मोती साबण तर ऑक्टोबर लागला की माझ्यापुरता बंदच. बिनवासाचा साबण, कपडे धुवायला बिनवासाची पावडर, आणि शिकारीचे कपडे स्वयंपाकघरापासून लांब, गॅरेजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मूठभर ओकचा पाला टाकून. लसणीची फोडणी एकदा जाकिटाच्या अस्तरात शिरली की धुतल्याशिवाय निघत नाही. आपल्याला तो वास येत नाही ही गोष्ट खरी, पण ज्याला यायला नको त्याला बरोबर येतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. कोल्हापूरकराला शिकारीचं काय नवल, असं कुणी म्हणेल. संस्थानचे राजे चित्ते बाळगून काळवीट मारत, आणि दाजीपूरचं रान हे त्यांचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ साली तिथे अभयारण्य झालं. पण हे सगळं आमच्या आधीचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्यासारख्यांनी शिकार पाहिली ती न्यू पॅलेसच्या संग्रहालयात, भुसा भरलेली. बंदूक आणि धनुष्य हातात आलं ते इथे, पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागी, जिथे लांबलचक डोंगररांगा एकीमागे एक उभ्या आहेत आणि मधल्या दऱ्यांत मका नि सोयाबीन पिकतं. डोंगरावर ओक, खाली शेत. हरणाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. बिचकलं की शेपूट उभी करतं आणि तिची पांढरी बाजू दाखवत झाडीत शिरतं. नवशिक्या शिकाऱ्याची हरणाशी पहिली ओळख बहुतेक याच बाजूने होते. १९०० च्या सुमारास या राज्यातून ते जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार नि वन्यजीव सांभाळणारं खातं, स्थापन झालं, १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी आली. आज परिस्थिती अशी की अलीकडच्या काही वर्षांत हंगामाला चार लाखांहून जास्त हरणं मारली गेली, आणि तरी कित्येक जंगलांत ओकचं रोप गुडघ्याएवढं व्हायची मारामार, कारण कोंब वर आला की हरीण खातं. त्यामुळे शिकार हा इथे सरकारी कामकाजाचा भाग आहे. आधी सक्तीचा वर्ग, मग परवाना, मारलेल्या हरणाच्या कानाला चिठ्ठी, दहा दिवसांत नोंद. मादीच्या परवान्याचा अर्ज तर अगदी २०२२ पर्यंत गुलाबी पाकिटात घालून काउंटीच्या खजिनदाराला टपालाने पाठवावा लागे. वर्गात माझ्या शेजारच्या खुर्चीवर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळी उत्तरं येत होती.

मला शिकवलं ते मात्र शेजारच्या म्हाताऱ्यांनी. इथल्या रीतीने मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारतो, पण मराठीत लिहिताना ऐंशीला टेकलेल्या माणसाला अरेतुरे करवत नाही. तेव्हा इथे ते तात्या. तात्यांनी जन्मभर एकाच डोंगराच्या एकाच बाजूला शिकार केली. जगात दुसरं काही बघितलं नाही असं म्हणावं तर त्या बाजूचं त्यांनी काहीही बघायचं ठेवलं नाही.

हरणांचं हंगामी फिरणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वायोमिंग येतं. तिथली म्यूल डिअर जातीची हरणं वसंतात रेड डेझर्ट सोडून उत्तरेला होबॅकच्या खोऱ्यापर्यंत जातात आणि शरदात परत येतात. एका बाजूला सुमारे दीडशे मैल. कुंपणं, हमरस्ते, नद्या, सगळं ओलांडत. गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले तेव्हा कुठे, २०११-१२ च्या सुमाराला, ही वाट माणसांना कळली. पुढे एका मादीने अडीचशे मैलांच्या आसपास, थेट आयडाहोपर्यंत मजल मारल्याचं त्याच पट्ट्यांनी दाखवलं. तिथल्या शिकाऱ्याचा प्रश्न साधा असतो: कळप डोंगरावर आहे की खाली उतरला? आमचं तसं नाही. आमचं हरीण कुठेच जात नाही. मोठा नर वर्षभर साधारण चौरस मैलभर मुलखात राहतो, मादी त्याहून कमी. पण त्या मैलाच्या आत ते सप्टेंबरात एकीकडे असतं, ऑक्टोबरात दुसरीकडे, नोव्हेंबरात कुठेही, आणि डिसेंबरात तुम्ही जाणार नाही अशा जागी. शिकाऱ्याला कळायला हवं ते एवढंच, आणि एवढंच कळायला तात्यांना जन्म लागला.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात नर चार-पाचच्या टोळक्याने चरतात, शिंगांवर अजून मखमल असते, आणि अख्खा गाव गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतो. नवखा शिकारी तेव्हाच ठरवून टाकतो की हे हरीण इथलं, याला इथेच गाठायचं. ऑगस्ट सरता सरता मखमल सुटते, अंगात टेस्टोस्टेरॉन चढायला लागतं, टोळकं फुटतं, आणि महिनाभर ज्या शेतात त्याला पाहिलं त्या शेतात तो पुन्हा दिसत नाही.

तो गेलेला असतो ओकखाली. इथे मी जरा रेंगाळणार, कारण शिकाऱ्यांच्या गप्पांत सगळा मान शिंगांना मिळतो आणि फळाला कुणी विचारत नाही. ओकची इथे दोन मोठी घराणी. पांढऱ्या ओकचं फळ एका मोसमात पिकतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं. तांबड्या ओकचं पिकायला दोन मोसम लागतात. पांढऱ्यात टॅनिन कमी. दाताखाली धरून बघा, आधी पिठूळ, मग हलका तुरटपणा. तांबड्याचं चावलंत तर तोंड आक्रसतं. हरणालाही तेच वाटत असावं, कारण पांढरं फळ असेपर्यंत ते तांबड्याकडे सहसा वळत नाही. शिवाय पांढरा ओक दरवर्षी सारखा फळत नाही; एखाद्या वर्षी डोंगरभर सडा आणि पुढच्या वर्षी झाडं रिकामी. म्हणून तात्या ऑगस्टातच दुर्बीण घेऊन निघतात आणि हरीण न बघता झाडांचे शेंडे बघतात. कुठल्या झाडाला धरलंय, कुठल्याला नाही. त्यांच्या खिशातल्या वहीत हरणांची एकही नोंद नाही, सगळी झाडांची आहे.

फळ भरपूर असलं की हरीण शेतात यायचंच थांबतं. ओकखाली खातं, शंभर पावलांवर बसून रवंथ करतं, उठून पुन्हा खातं. शेताच्या कडेला मचाण बांधून बसलेला माणूस म्हणतो, ऑक्टोबरात हरणं हलतच नाहीत. या समजुतीला इथे नावसुद्धा आहे, 'ऑक्टोबर लल', ऑक्टोबरची मरगळ. पेन स्टेट विद्यापीठाने २०१३ पासून रॉथरॉक, बॉल्ड ईगल आणि उत्तरेकडच्या ससक्वेहॅनॉक या सरकारी जंगलांत हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून नोंदी ठेवल्या आहेत. त्यांत ही मरगळ सापडली नाही. उलट ऑक्टोबर पुढे सरकतो तसं नरांचं चालणं वाढत जातं. हरीण हलतं, आपण बसलोय तिथून हलत नाही एवढंच. आणि सप्टेंबरभर आपण तिथे चपला वाजवत जाऊन झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, त्यांची कार्डं बदलली, फांद्या छाटल्या, त्याचाही त्यात वाटा असतो.

चंद्राचंही तेच. कोजागरीचा चंद्र बहुतेक वर्षी इथल्या लोकांचा 'हंटर्स मून', शिकाऱ्यांचा चंद्र असतो. आम्ही मराठी मंडळी एकाच्या अंगणात थंडीत कुडकुडत केशरी दूध पितो, आणि त्याच रात्री तात्या चंद्राच्या कलेवरून उद्या हरीण किती वाजता उठेल याचा हिशेब मांडतात. पट्ट्यांच्या नोंदी सांगतात की चंद्राने म्हणण्यासारखा काही फरक पडत नाही. पहाट आणि संध्याकाळ, या दोन वेळा हरीण चालतं. पौर्णिमा असो की अमावस्या. वाऱ्याबद्दलचा निकाल तर तात्यांना अजिबात मान्य नाही: दिवसा वारा असला की हरणं दडून बसतात असं सगळे शिकारी मानतात, आणि नोंदींत निघालं की ती थोडी जास्तच हिंडतात. तात्या म्हणाले, "पट्टा बांधलेली हरणं तशीच असणार."

मग येतो माज.

तो थंडीने येतो असं इथले बरेच लोक मानतात. पहिली कडाक्याची थंडी पडली की फोन सुरू होतात, "आता सुटतील बघ." थंडीने फार तर हरीण दिवसाउजेडी थोडं जास्त दिसेल, हिवाळी कोट चढलेल्या जनावराला गरम दुपारी पळापळ नकोशी असते. पण माजाची तारीख ठरवतो तो उजेड. दिवस लहान होत जातो, ते डोळ्यांतून मेंदूपर्यंत पोचतं, संप्रेरकं बदलतात, आणि इथल्या अक्षांशावर बहुसंख्य माद्या नोव्हेंबरच्या मध्याला आगेमागे माजावर येतात. यंदा उकाडा, पुढल्या वर्षी बर्फ, तारीख जवळजवळ तीच. यामागचं गणित सरळ आहे. गर्भ सुमारे दोनशे दिवस राहतो, म्हणजे पाडस पडतं मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये, जेव्हा आईला कोवळा पाला भरपूर असतो. आधी जन्मलं तर गारठून मरेल, उशिरा जन्मलं तर बर्फ पडेपर्यंत अंग धरणार नाही. जिथे हिवाळा मारत नाही तिथे हा कडकपणाही नाही. फ्लोरिडात माजाचे दिवस भागाभागात वेगळे, कुठे उन्हाळ्यात तर कुठे हिवाळ्यात. आपल्या विदर्भातल्या चितळाची पाडसंही वर्षाच्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात दिसतात. तिथे जनावराला हलवतं ते पाणी. मे महिन्यात ताडोबात ओढे आटतात, चितळ उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर गोळा होतात, आणि वाघही तिथेच जाऊन बसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवरून जनावरं मोजायची पद्धत पडली ती त्यामुळेच. शिकारी चार पायांचा असो की दोन, तो बसतो सावजाच्या गरजेच्या वाटेवर. विदर्भात ती गरज तहान. इथे नोव्हेंबरात मादी.

माजाच्या आधी नर जमिनीवर निशाण्या सोडत जातो. एकदा नीट बघून ठेवली की विसरायची नाही अशी गोष्ट. वाटेच्या कडेला मीटरभर रुंदीची जागा खुरांनी पालापाचोळा उडवून साफ केलेली, खालची काळी माती उघडी, तीत खुराचा एक ठसा खोल. बरोबर वर, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर, एक फांदी खाली वाकलेली आणि तिचं टोक चघळून चघळून कुंच्यासारखं झालेलं. फांदीला तो कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो; मातीत, मागचे पाय जुळवून, घोट्यांवरच्या केसांवरून मुततो. वास उग्र, बोकडाची आठवण करून देणारा. एका जागेवर एकच नर येत नाही. त्या भागातले सगळे येतात, माद्याही हुंगून जातात. कॅमेरे सांगतात की या भेटी बहुतेक रात्रीच्या. म्हणून त्या जागेवर राखण करत बसणारा शिकारी दिवस वाया घालवतो.

मग बसायचं कुठे? तात्यांचं उत्तर एकच: खिंडीत, आणि वारा बघून. माद्या दिवसा दाट झाडीत बसतात. नर एका झाडीकडून दुसऱ्या झाडीकडे जातो, आणि प्रत्येक झाडीच्या वाऱ्याखालच्या बाजूने, म्हणजे आत न शिरता नाकानेच कळावं की कुणी माजावर आहे का. डोंगराची धार ओलांडायची तर तोही आपल्यासारखाच कमी चढाची जागा शोधतो, आणि ती खिंड असते. त्यात डोंगरातली हवा स्वतःची चालते. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की वर चढते. संध्याकाळी पुन्हा उतरते. म्हणून ऊन चढल्यावर वाटेच्या वरच्या अंगाला बसायचं, संध्याकाळी खालच्या अंगाला. तात्यांच्या खिशात टाल्कची छोटी बाटली असते, बिनवासाची. चिमूट उडवतात आणि ती कुठे जाते बघतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, म्हणजे एरवी हरीण दिसायची वेळच नव्हे तेव्हा, त्या खिंडीत एक नर माझ्याखालून गेला. नाक जमिनीला, तोंड उघडं, धाप मला वर ऐकू येत होती. मानेचा घेर सुजल्यासारखा, बरगड्या मोजता येतील इतका मागचा भाग खंगलेला. या दिवसांत नर जेमतेम खातो आणि वजनाचा चौथा हिस्सासुद्धा घालवतो. मी धनुष्य उचललं आणि शिंगं मोजली. इथल्या नियमाने एका बाजूला निदान तीन टोकं हवीत. याला दोन्हीकडे दोन-दोनच. मी धनुष्य खाली ठेवलं. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी खोकललो असतो तरी तो थांबला असता असं वाटत नाही. माजातला नर असा बेभान असतो म्हणूनच शिकारी रजा टाकून या दोन आठवड्यांत डोंगरावर बसतात. आणि मग मध्येच दोन-तीन दिवस सगळं थंड. तेव्हा नर संपलेले नसतात. एकेकाला मादी मिळालेली असते आणि ती सोडून तो हलत नाही. हे दिवस काढायचे असतात. मी ते ऑफिसात काढतो.

याच दिवसांत कुणीच कधी न पाहिलेला नर डोंगरात उगवतो. काही नर आपला मुलूख सोडून दिवसभरासाठी दोन-चार मैल लांब जातात आणि परत येतात. काही मात्र परत न येणारे असतात. दीड वर्षाच्या नरांपैकी निम्म्याहून अधिक आपलं जन्माचं रान कायमचं सोडतात. काही वसंतात, नवं पाडस व्हायच्या वेळी आई हुसकते म्हणून, काही शरदात, मोठ्या नरांच्या धाकाने. सरासरी चार-पाच मैल जातात, एखादा वीस-पंचवीससुद्धा. जंगल विरळ असेल तिथे जास्त लांब, आणि मोठा रस्ता किंवा नदी आडवी आली की पुष्कळदा तिथेच थांबतात. शिकाऱ्याला हे ऐकायला बरं वाटतं, कारण आपल्या रानातला मारला तरी दुसरीकडून येणार. पण याच वाटेने रोगही येतो. २०१२ मध्ये या राज्यात हरणांचा झिजवून मारणारा रोग, सीडब्ल्यूडी, सापडला. प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा, औषध नाही. तेव्हापासून बाधित भागातून हरणाचं डोकं-कणा बाहेर नेता येत नाही, चारा टाकता येत नाही. माणसांवर निर्बंध घालता येतात. दीड वर्षाच्या नराला पाच मैल जाऊ नको असं कोण सांगणार?

आतापर्यंत सांगितलेलं सगळं उजेडावर, फळावर आणि माजावर चालतं. पण या राज्यातल्या हरणाच्या वर्षात आणखी एक ऋतू आहे, आणि तो विधिमंडळ नि गेम कमिशन ठरवतं. तो म्हणजे रायफलीचा हंगाम. १९६३ पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणानंतरच्या, सोमवारी उघडत असे. इतका पक्का की कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, नोकरदारांच्या सोयीसाठी. माज तोवर ओसरलेला असतो. हरणांच्या दृष्टीने बघा: दोन महिने तुरळक, गुपचूप धनुर्धारी, आणि मग एका पहाटे अंधारात डोंगराखालच्या प्रत्येक वळणावर गाड्यांची दारं आपटतात, दिवे हलतात, लाखो माणसं भगव्या-नारिंगी जाकिटांत एकदम रानात शिरतात. जाकिटावर-टोपीवर मिळून अडीचशे चौरस इंच नारिंगी दिसलंच पाहिजे असा नियम आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. पण दारं ऐकू येतात.

शिकारी कुठे जातात याचाही इथे अभ्यास झाला आहे, आणि मला तो हरणांच्या अभ्यासाहून मौजेचा वाटतो. रस्त्यापासून अंतर वाढलं की शिकारी झपाट्याने विरळ होतात; चढ उभा झाला की आणखी विरळ. हरणांना हे आकडे कुणी सांगायला नको. हंगाम उघडला की ती माउंटन लॉरेलच्या जाळीत शिरतात. लॉरेल हे पेनसिल्व्हेनियाचं राज्यफूल, जूनमध्ये फोटो काढण्याजोगं. डिसेंबरात ती कमरेएवढी, बारमाही हिरवी, गुंतागुंतीची जाळी असते, जिच्यात माणूस शब्द न करता दहा पावलं चालू शकत नाही. हरीण तिथे बसून राहतं. माणूस वीस पावलांवरून गेला तरी उठत नाही. पट्ट्यांच्या नोंदींत असे नर आहेत, जे हंगाम उघडताच नेमक्या उभ्या कड्याच्या एका टप्प्यावर जाऊन बसतात. शिकारी घरी येऊन सांगतात, यंदा डोंगरात हरणं उरलीच नाहीत, कमिशनने वाट लावली.

शिकारीच्या जुन्या कॅम्पांतली मंडळी अशा वेळी हाका घालतात. अर्धे लोक ओळीने जाळीतून आवाज करत चालतात, अर्धे पुढे नाक्यावर दबा धरतात. आपल्याकडच्या जुन्या हाक्यासारखंच, फक्त ढोल नाहीत. तात्यांना हाका आवडत नाही. ते म्हणतात, हाका घालणारे शेकड्यांनी असताना आपण कशाला घालायचा? उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी मला उजाडायच्या दोन तास आधी डोंगरावर चढवलं, लॉरेलच्या पट्ट्याच्या वर, जिथे उतार इतका होता की मी झाडाला पाय टेकवून बसलो. खाली रस्त्यावर दिवे हलत होते. सूर्योदयाआधी अर्धा तास बार टाकायची मुभा सुरू होते. त्यानंतर लगेच दरीत दोन बार झाले, आणि थोड्याच वेळात माद्यांची एक रांग डोंगर चढून जाळीकडे येऊ लागली. त्या पळत नव्हत्या. पुढची दर काही पावलांवर थांबून मागे, खाली बघत होती. वर कुणीच बघितलं नाही. मी त्यांतली तिसरी घेतली.

तिला खाली आणायला आम्हाला दुपार झाली. तात्यांनी पोट साफ करायला शिकवलं, काळीज वेगळं काढायला लावलं आणि जठर चिरून दाखवलं: आत चघळलेलं ओकफळ आणि लॉरेलची दोन-चार पानं. म्हणजे वर कुठेतरी अजून फळ होतं. तात्यांनी वही काढली.

संध्याकाळी कोल्हापूरला आबांना फोन लावला; तिकडे पहाट. "काय रं, गावलं का न्हाई?" गावलं म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चरबीचा. बरोबरच होता. हरणाच्या मांसात चरबी नसल्यासारखीच, आणि असते ती मेणचट, ताटात थिजणारी. ती सगळी काढून टाकावी लागते. बोकडाच्या हिशेबाने शिजवलं तर चामडं होतं. आता आमच्याकडे मांडीचं मटण दह्या-आल्यात रात्रभर, मग मंद आचेवर तीन तास, कांदा-लसूण चटणी आणि वरून तेल हात सैल सोडून. तांबडा रस्सा होतो. पांढऱ्याचा नाद मी सोडला. तात्यांना पहिल्यांदा वाढला तेव्हा ते घाम पुसत दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, जन्मभर आम्ही हे मांस नुसतं मीठ-मिरी लावून खाल्लं.

जानेवारीत फारसं काही घडत नाही. ठिणगीच्या जुन्या बंदुकांचा, फ्लिंटलॉकचा, वेगळा हंगाम नाताळानंतर असतो. हौशी लोक जातात. हरणं दक्षिणेकडच्या उन्हाच्या उतारावर पडून असतात, कमी हलतात, अंगातली चरबी पुरवून खातात. मिशिगनच्या उत्तर भागात ती खोल बर्फापासून वाचायला सीडरच्या दाट राया गाठतात, त्यासाठी कितीतरी मैल चालून जातात; इथे तेवढं बर्फ क्वचितच. नरांची शिंगं गळतात आणि मार्चपर्यंत पोरं ती शोधत हिंडतात. एक सांगून ठेवतो: या फिरण्यात गोचिडीपासून सांभाळा. लाइम रोगाने इथे जितके लोक अंथरुणाला खिळतात तितके बंदुकीने नक्कीच नाहीत.

सध्या आमच्याकडे वाद चाललाय तो रविवारचा. या राज्यात रविवारी शिकारीला फार जुनी बंदी होती. २०२० पासून तीन रविवार सैल केले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ती बंदी कायद्यानेच उठली. मला आनंद झाला; शनिवार मुलांच्या वर्गांत जातो, रविवारच काय तो हाती. तात्या रविवारी चर्चला जातात, पण त्यांची तक्रार देवाधर्माची नाही. त्यांचं म्हणणं, हंगामातही रानाला आठवड्यात एक दिवस उसंत मिळायची, सोमवारी सकाळी हरणं जरा सैल चालायची. आता ती लॉरेलमध्ये आधी शिरतील आणि उशिरा निघतील. त्यांचं म्हणणं खरं की खोटं ते पुढच्या काही वर्षांच्या पट्ट्यांत दिसेलच, पण मला ते पटण्यासारखं वाटतं, आणि पटूनही मी रविवारी जाणार आहे. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग एकादस तरी पाळा." तात्यांशी तडजोड अशी झाली आहे की रविवारी त्यांचं खिंडीतलं मचाण मी वापरायचं, बंदूक न्यायची नाही, धनुष्यच, आणि ओकखालून वाट तुडवायची नाही, धारेवरून जायचं. या रविवारी वारा वायव्येचा सांगितलाय. बारा वाजता ते चर्चमधून सुटतात. तोवर काही झालं नाही तर दोघांचं जेवण आमच्याकडे.